दीडशे पीएसची सेडान आणि तिचे खरे ॲव्हरेज

फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या १.५ टीएसआय डीएसजी (दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) आवृत्तीचे प्रमाणित ॲव्हरेज प्रतिलिटर १८.६७ किमी असे जाहीर झाले होते. हीच गाडी पुण्यात ऑफिसच्या वेळेत हिंजवडीकडे नेणाऱ्याला पडद्यावर ९ किंवा १० दिसतात आणि तोच माणूस रविवारी पहाटे साताऱ्याला निघाला, तर १८च्या पुढचा आकडाही दिसू शकतो. यांतला कोणताही आकडा खोटा नसतो. प्रत्येक आकडा वेगळ्या परिस्थितीचा हिशेब सांगत असतो. १५० पीएस (म्हणजे साधारण अश्वशक्ती) ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असलेली गाडी घेणाऱ्याला ॲव्हरेजची चौकशी करणे शोभत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. तो मला मान्य नाही. ताकदीची गाडी आवडणे आणि पेट्रोल वाया गेलेले न आवडणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला लागू पडू शकतात, आणि गाडी कशी काम करते हे समजून घेतले तर दोन्ही साधताही येतात.

उदाहरणासाठी व्हर्टस घेतली आहे, कारण चाकणला तयार होणारी ही गाडी आणि तेच इंजिन घेऊन तिथेच तयार होणारी स्कोडा स्लाव्हिया या दोन्ही आपल्या रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. ह्युंदाई व्हर्नाच्या १.५ टर्बो आवृत्तीच्या मालकांनाही पुढील बहुतेक मजकूर लागू पडेल. माझे मुख्य म्हणणे सुरुवातीलाच सांगतो: अशा गाडीत पेट्रोलचा हिशेब ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकच्या पेडलवर अधिक ठरतो. वेग चपळाईने घेण्याची हौस भागवूनही समाधानकारक ॲव्हरेज मिळते. पण घेतलेला वेग दर दोनशे मीटरवर ब्रेक दाबून घालवण्याची सवय असेल, तर गाडीतील कोणतेही तंत्र त्याची भरपाई करू शकत नाही.

प्रमाणित आकडा आणि आपला रस्ता

पुण्यात एका टेकडीलाच जिच्या नावाने ओळखले जाते, त्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या नावे आपण जो आकडा सांगतो, तो रस्त्यावर काढलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवली जाते. भारतातील हे चालनचक्र युरोपच्या जुन्या चक्रावरून घेतलेले असून ते सुमारे वीस मिनिटांचे आहे, आणि त्यात युरोपातील ताशी १२० किमीऐवजी कमाल वेग ताशी ९० किमी ठेवलेला आहे. चाचणीत एसी बंद असतो, वेग घेण्याचे टप्पे अतिशय सौम्य असतात आणि चढ, वारा, खड्डे किंवा मध्येच वळणारी रिक्षा यांपैकी काहीही नसते. पेट्रोलसुद्धा टाकीतून मोजत नाहीत. धुरातून बाहेर पडलेल्या कार्बनवरून किती इंधन जळाले असेल ते काढतात. त्यामुळे हा आकडा दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी उपयोगी आहे. आपल्या गाडीत बिघाड आहे की नाही हे ठरवण्यासाठी मात्र तो वापरू नये. शहरात ९ ते १२ आणि महामार्गावर १६ ते २० या पट्ट्यात आकडे येत असतील, तर १.५ टीएसआय गाडी आपले काम नीट करत आहे असे समजायला हरकत नाही.

आधी नीट मोजा

मोजमाप चुकीचे असेल तर सुधारणा झाली की नाही हे कधीच कळत नाही. पडद्यावरचे ॲव्हरेज हे इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर किती वेळ उघडे होते यावरून काढलेले अनुमान असते आणि बहुतेक गाड्यांत ते प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्तच दिसते. टाकी ते टाकी ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. नेहमीच्या एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पहिला ऑटो कट होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे आणि कट झाल्यानंतर राउंड फिगरसाठी आणखी पेट्रोल ओतू देऊ नये. पुढच्या वेळी त्याच पद्धतीने भरावे आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. व्हर्टसची टाकी ४५ लिटरची आहे. कट एका लिटरने मागे-पुढे झाला, तर दहा लिटर भरल्यावर दहा टक्क्यांची चूक होते आणि पस्तीस लिटर भरल्यावर जेमतेम तीन टक्क्यांची. म्हणून टाकी बरीच रिकामी झाल्यावरच मोजावे आणि सलग तीन टाक्यांच्या नोंदी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

एक चूक सुशिक्षित माणसेही सर्रास करतात. शंभर किलोमीटर शहरात १०च्या ॲव्हरेजने आणि शंभर किलोमीटर महामार्गावर २०च्या ॲव्हरेजने गाडी चालली, तर एकूण ॲव्हरेज १५ येत नाही. शहरात दहा लिटर आणि महामार्गावर पाच लिटर असे पंधरा लिटर पेट्रोल दोनशे किलोमीटरला लागले, म्हणजे उत्तर १३.३ येते. आकड्यांची सरासरी न काढता किलोमीटरची बेरीज आणि लिटरची बेरीज करून मगच भागाकार करावा.

याच हिशेबातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. समजा, तुमची गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते. त्यांपैकी सातशे शहरात १०च्या आणि तीनशे महामार्गावर १८च्या ॲव्हरेजने. एकूण खर्च सुमारे ८७ लिटर झाला. आता महामार्गावर खूप संयम पाळून तुम्ही १८चे २० केले, तर महिन्याला दीड-पावणेदोन लिटर वाचतात. त्याऐवजी शहरातले १०चे साडेअकरा केले, तर नऊ लिटर वाचतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी ही बचत नऊशे रुपयांची आहे. महामार्गावर २२चा आकडा काढून त्याचा फोटो मित्रांना पाठवण्यात आनंद आहे, हे मी जाणतो. पण पैसे शहरातच वाचतात, आणि म्हणून प्रयत्नही आधी तिथेच करायला हवेत.

ब्रेकचा हिशेब

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि तिच्यातील पाव ते तीस टक्के भागच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. चालक आणि थोडे सामान धरून गाडीचे वजन १,४०० किलो मानले, तर ती थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० किमी वेगाला नेण्यासाठी सुमारे १९४ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. पेट्रोलच्या भाषेत हे साधारण वीस-बावीस मिलिलिटर होतात. वेग ८० असेल तर चाळीसच्या आसपास आणि १०० असेल तर साठच्या आसपास, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढे सिग्नल लाल दिसत असतानाही साठपर्यंत वेग नेला आणि मग ब्रेक दाबला, तर ते वीस-बावीस मिलिलिटर पेट्रोल तुम्ही ब्रेकच्या चकत्या तापवण्यासाठी जाळले. कार्यालयाच्या एका फेरीत असे पंचवीस प्रसंग आले, तर अर्धा लिटर गेला. गतिरोधकाचेही तेच आहे: ५०वरून १०पर्यंत खाली येणे आणि पुन्हा ५० गाठणे याची किंमत दर वेळी साधारण चौदा मिलिलिटर पडते.

ताकदीच्या गाडीत ही उधळण अधिक होते, आणि तिचे कारण इंजिनाच्या आकारापेक्षा चालवण्याच्या पद्धतीत आहे. हे इंजिन मिनिटाला १,६०० फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे समोर शंभर मीटरची मोकळी जागा दिसली की गाडी ती क्षणात भरून काढते आणि शंभर मीटर संपल्यावर ब्रेक दाबावा लागतो. ८० पीएसची छोटी गाडी तेवढ्या जागेत तो वेग गाठूच शकत नाही, म्हणून ती नकळत काटकसर करते. ताकदीच्या गाडीच्या चालकाला ती काटकसर जाणीवपूर्वक करावी लागते.

त्यासाठीची सवय साधी आहे. नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर न ठेवता तिच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांवर ठेवावी. सिग्नल लाल झालेला किंवा रांग थांबलेली दिसली की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग आपोआप उतरू द्यावा. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, की इंजेक्टर पूर्ण बंद होतात. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि पेट्रोलचा खर्च शून्य होतो. फेऱ्या आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतील किमान फेऱ्यांच्या, जवळ आल्या की पुरवठा पुन्हा सुरू होतो. पडद्यावर तात्कालिक खर्च लावून ठेवला तर हे प्रत्यक्ष पाहता येते. उतारावर किंवा सिग्नलकडे जाताना गाडी न्यूट्रल करण्याची आपल्याकडील जुनी सवय या इंजिनांत उलटी पडते, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते आणि शिवाय इंजिनाचा ब्रेकही हातातून जातो. डीएसजीचा दांडा डीवरच (ड्राइव्ह) राहू द्यावा.

पाय लवकर काढण्याचा आणखी एक फायदा असा, की तुम्ही सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा तो हिरवा होतो आणि गाडी २० किंवा २५च्या वेगातून पुन्हा उचलता येते. शून्यातून ६० गाठण्यापेक्षा २५वरून ६० गाठायला कमी ऊर्जा लागते. वर्गाच्या नियमाने यातली बचत सतरा टक्क्यांची आहे. मागून हॉर्न वाजतील, हेही खरे. मागच्याला अडवून गाडी रांगत नेणे कोणालाच सांगणार नाही. पण ज्या ठिकाणी सगळ्यांनाच थांबायचे आहे, तिथे घाईने जाऊन उभे राहण्यात मागच्याचाही काही लाभ नसतो.

वेग घ्यावा, पण कसा

फार जपून, रेंगाळत वेग घेतला की पेट्रोल वाचते, असे अनेकांना वाटते. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हे पूर्णपणे खरे नाही. हलक्या भारावर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यासाठी स्वतःचीच ताकद खर्च करावी लागते. मध्यम भारावर, साधारण १,८०० ते २,८०० फेऱ्यांच्या दरम्यान हे इंजिन सर्वांत कार्यक्षम चालते. म्हणून सिग्नल सुटल्यावर ठामपणे, पण पेडल तळाला न नेता वेग घ्यावा, हवा तो वेग गाठला की पाय सैल करावा आणि डीएसजीला वरचा गिअर टाकू द्यावा. पेडल पूर्ण दाबले की दोन गोष्टी घडतात: गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येऊन फेऱ्या पाच-सहा हजारांवर नेतो, आणि फार मोठ्या भारावर टर्बो व एक्झॉस्टचे तापमान आवरण्यासाठी इंजिनाचा संगणक मिश्रणात जास्तीचे पेट्रोल सोडू शकतो. ओव्हरटेकसाठी ही ताकद लागते तेव्हा ती निःशंकपणे वापरावी, कारण समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला कमी वेळ राहणे हेच तिथे महत्त्वाचे असते. एस (स्पोर्ट) मोडचे मात्र भान ठेवावे. तो वरचा गिअर बराच उशिरा टाकतो, आणि घाट संपल्यावरही एसवरच राहिलेला दांडा टाकीभर पेट्रोलचा हिशेब बिघडवतो.

या इंजिनाचे वैशिष्ट्य म्हणजे भार कमी असताना ते मधले दोन सिलिंडर, म्हणजे दुसरा आणि तिसरा, बंद करते. त्यांच्या झडपा मिटून राहतात, पेट्रोल थांबते आणि उरलेले दोन सिलिंडर अधिक उघड्या थ्रॉटलवर, म्हणजे अधिक कार्यक्षमतेने, काम करतात. हे कशासाठी, ते एका आकड्यावरून समजेल. सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी ८० किमीचा वेग टिकवायला अशा गाडीला माझ्या हिशेबाने जेमतेम दहा पीएस लागतात. उरलेले १४० पीएस त्या वेळी निव्वळ सोबत असतात. पडद्यावर टू सिलिंडरची खूण दिसते तेव्हा पाय स्थिर ठेवावा. पेडल थोडेसे वर-खाली होत राहिले की चारही सिलिंडर पुन्हा जागे होतात. ही खूण टिकवण्याचा सराव हा माझ्या मते या गाडीतील सर्वांत चांगला शिक्षक आहे, कारण पाय किती अस्थिर असतो हे तिच्यामुळेच पहिल्यांदा लक्षात येते.

महामार्ग आणि घाट

महामार्गावर ब्रेकचा वापर कमी होतो आणि त्याची जागा हवेचा विरोध घेतो. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८०च्या तुलनेत १००ला तो दीडपटीहून अधिक आणि १२०ला सव्वादोनपट होतो. टायरचा विरोध मात्र फारसा बदलत नाही, म्हणून दोन्हींची बेरीज केली तर ८०वरून १००वर जाताना एकूण बळ सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पेट्रोलचा खर्च त्यापेक्षा थोडा कमी वाढतो, कारण वाढलेल्या भारावर इंजिन अधिक कार्यक्षम चालते. सातव्या गिअरमध्ये ताशी १०० किमीला फेऱ्या २,०००च्या आतबाहेर असतात आणि ती स्थिती वाईट नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किमी लांबीचा आहे आणि सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा १०० आहे. ती मोडून सगळा रस्ता १२०ने कापला, तरी हिशेबाने साडेनऊ मिनिटे वाचतात. त्यासाठी हवेचा विरोध ४४ टक्के वाढतो, दंडाची पावती येते आणि ट्रकच्या रांगेमागे पुन्हा ब्रेक दाबावा लागतो तो वेगळाच.

घाटाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण महाराष्ट्रात घाट चुकत नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढते. माणसांसह १,५०० किलो वजन तेवढे उचलायला लागणारी ऊर्जा पेट्रोलमध्ये मोजली तर ती पाऊण ते एक लिटर भरते, आणि हा खर्च गाडी कितीही शहाणपणाने चालवली तरी टळत नाही. त्यामुळे मुंबईहून पुण्याला येतानाचे आणि पुण्याहून मुंबईला जातानाचे ॲव्हरेज कधीच सारखे येणार नाही. कोणी पुणे–मुंबई असा एकतर्फी आकडा सांगितला, तर तो जाऊन-येऊन किती आला हे विचारावे. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गोव्याला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे: जाताना घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी गाडी उदार वाटते आणि परतताना तीच गाडी वसुली करते.

चढावर क्रूझ कंट्रोल बंद करावा. ठरवलेला वेग सोडायचा नाही एवढेच त्याला माहीत असते, म्हणून तो चढ येताच गिअर खाली टाकून जोर लावतो. माणूस मात्र चढाच्या आधी थोडा वेग साठवून, चढावर पाच-दहा किलोमीटरने तो उतरू देऊन माथा गाठू शकतो. उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलने एक-दोन गिअर खाली घ्यावे. इंजेक्टर बंद राहतात, इंजिन गाडी धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतात. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी असताना टायरला ते पाणी बाजूला सारावे लागते आणि त्याचाही खर्च असतो, म्हणून जुलैची नोंद फेब्रुवारीच्या नोंदीशी ताडून पाहू नये.

थांबलेली गाडी, थंड इंजिन आणि एसी

एसी चालू ठेवून उभी असलेली ही गाडी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल खाते आणि त्या काळात अंतर शून्य कापते. अर्धा तास कोंडीत गेला तर जवळजवळ अर्धा लिटर गेला. निघण्याची वेळ वीस मिनिटे मागे-पुढे करणे शक्य असेल, तर चालवण्याच्या कोणत्याही कौशल्यापेक्षा त्याचा परिणाम मोठा असतो. लांब सिग्नलवर स्टार्ट-स्टॉपला, म्हणजे गाडी थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला, त्याचे काम करू द्यावे. दर दहा सेकंदांना चार फूट सरकणाऱ्या रांगेत मात्र तो त्रासदायक होतो आणि तिथे बटण दाबून बंद ठेवला तरी मोठे नुकसान नाही. अशा रांगेत पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच सरकावे. सात गिअरच्या या डीएसजीचे क्लच कोरडे आहेत. इंच-इंच सरकताना ते हाफ क्लचवर घासत राहतात, म्हणून ही सवय पेट्रोलपेक्षाही क्लचच्या आयुष्यासाठी मोलाची आहे.

थंड इंजिनाचे पहिले तीन-चार किलोमीटर सर्वांत महाग असतात. ऑइल घट्ट असते, मिश्रण दाट ठेवावे लागते आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी इंजिन मुद्दाम जास्त फेऱ्यांवर चालते. दोन किलोमीटरवरच्या मंडईत जाऊन परत येणे, तासाभराने मुलांना क्लासला सोडणे आणि पुन्हा घरी येणे, अशा तुकड्यातुकड्यांच्या वापरात ॲव्हरेज ७ किंवा ८ दिसले तर घाबरू नये. कामे एका फेरीत जोडावीत किंवा त्यासाठी दुचाकी काढावी. सुरू केल्यावर गाडी जागीच तापवत ठेवू नये. लगेच निघावे आणि पहिली काही मिनिटे जोर लावू नये, यात इंजिनाचेही हित आहे.

एसी बंद करून घामाघूम होण्याचा सल्ला मी देणार नाही. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट काचा उघड्या ठेवून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावून हवा आतल्या आत फिरती ठेवावी आणि तापमान २४च्या आसपास ठेवावे. महामार्गावर काचा बंदच असाव्यात.

टायर, पेट्रोल आणि फेरफार

टायरमधील हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी आणि चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. पाच माणसे आणि सामान असेल तेव्हाचा आकडा त्यात वेगळा दिलेला असतो. व्हर्टसमधील हवा कमी झाल्याची सूचना चाकांच्या फिरण्यातील फरकावरून मिळते, त्यामुळे चारही टायरमधील हवा महिनाभरात सावकाश आणि सारखीच उतरली, तर ती गप्प राहू शकते. पंधरा दिवसांनी गेज लावणे याला पर्याय नाही. नायट्रोजन की साधी हवा यापेक्षा दाब बरोबर आहे की नाही, याचेच महत्त्व आहे.

मोठी चाके आणि रुंद टायर ही या गाड्यांच्या मालकांची आवड आहे आणि तिचा दर पेट्रोलमध्येही मोजावा लागतो: चाक जड, पकड अधिक, विरोधही अधिक. शिवाय टायरचा बाह्य व्यास बदलला की किलोमीटरचा आकडाच बदलतो. मूळ २०५/५५ आर१६ च्या जागी २१५/५५ आर१६ घातले, तर व्यास सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, ओडोमीटर तेवढे कमी अंतर दाखवतो आणि प्रत्यक्षात तसे नसतानाही ॲव्हरेज घसरल्यासारखे वाटते. छतावरचे कॅरिअर वापर नसताना काढून ठेवावे. डिकीतले दहा-वीस किलो सामान महामार्गावर नगण्य आहे.

पेट्रोलमधील इथेनॉलचा हिशेब सरळ आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे १० टक्के मिश्रणावरून २० टक्क्यांवर गेल्यावर एका लिटरमधील ऊर्जाच साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने ई२०साठी (२० टक्के मिश्रणासाठी) जुळवलेले इंजिन त्यातला काही भाग भरून काढू शकते. २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही ई१०साठी बनवलेल्या आणि ई२०साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के, तर इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घट सांगितली होती. तुमच्या २०२२च्या नोंदींशी आजची तुलना करताना एवढा फरक आधी वजा करावा. महागड्या हाय-ऑक्टेन पेट्रोलचा उपयोग उन्हाळ्यात, भरल्या गाडीने घाट चढताना होऊ शकतो. रोजच्या हलक्या भारावर त्याने फरक पडावा असे कारण नाही, आणि ते सात टक्के महाग असेल तर ॲव्हरेजही सात टक्के वाढले पाहिजे, एवढे गणित प्रत्येकाने स्वतःच्या वहीत करून पाहावे.

चालवण्याची पद्धत, रस्ता आणि ऋतू तेच असताना सलग दोन टाक्यांत दहा टक्क्यांहून अधिक घसरण झाली, तर मात्र गाडीकडे पाहावे. दहा किलोमीटर चालवल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी; एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर तिथला ब्रेक अडकत आहे. हँडल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजला असेल, तर अलाइनमेंट करून घ्यावे. इंजिनाचे तापमान लांबच्या प्रवासातही नेहमीच्या खुणेपर्यंत पोहोचत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा राहिल्याची शक्यता असते आणि इंजिन थंड समजून जास्तीचे पेट्रोल सोडत राहते. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचे घातले होते का, हे शेवटच्या बिलावर तपासावे. सर्व्हिस सेंटरला नुसते “ॲव्हरेज पडले आहे” असे सांगितले, तर एक चक्कर मारून “सगळे नॉर्मल आहे” असे उत्तर मिळण्याचीच शक्यता अधिक असते. तारीख, किलोमीटर, लिटर आणि रस्ता लिहिलेल्या पाच-सहा टाक्यांच्या नोंदी समोर ठेवल्या, की तपासणी कुठून सुरू करायची हे मेकॅनिकलाही कळते.